गेटवरची मासळी आणि फुकुशिमाचं पाणी: नेरूळच्या एका सोसायटीचं प्रकरण

ऑगस्ट 2023 च्या अखेरीस नेरूळच्या एका गृहनिर्माण सोसायटीने गेटवर बसणाऱ्या कोळीण मावशींना मासे विकायला मनाई केली. सूचना फलकावर कारण दिलं होतं: 'जपानमधील किरणोत्सर्गी पाण्याचा धोका'. फुकुशिमा नेरूळहून सहा हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे. मावशी येतात बेलापूरजवळच्या दिवाळ्याहून. ही मनाई साधारण आठवडाभर टिकली, मग एका बैठकीत मागे घेतली गेली. मी जनसंवाद शिकवतो आणि हे प्रकरण वर्गात घेतो, कारण यात मुद्दाम खोटं बोलणारा कोणी सापडत नाही. सगळ्यांची काळजी खरी होती आणि तरीही भुर्दंड पडला तो नेमका एका बाईला. सोसायटीचं आणि माणसांची नावं इथे देत नाही.

जपानमध्ये काय झालं होतं ते आधी सांगतो. 11 मार्च 2011 ला तिथे 9 तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. फुकुशिमा दाइइची केंद्राचा वीजपुरवठा तुटला, जनित्रं पाण्याखाली गेली आणि तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं. वितळलेलं इंधन थंड ठेवायला तेव्हापासून पाणी सोडावं लागतं, त्यात जमिनीतलं आणि पावसाचं पाणी मिसळतं. हे दूषित पाणी गाळून टाक्यांत भरत भरत टाक्या हजारावर गेल्या आणि साठा 13 लाख टनांच्या पुढे. गाळण्याच्या यंत्रणेतून सिझियम, स्ट्रॉन्शियमसारखे बहुतेक किरणोत्सर्गी पदार्थ निघतात. ट्रिटियम मात्र निघत नाही. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच भाऊबंद, पाण्यात मिसळलेला नसून पाण्याच्याच रेणूत बसलेला, मग गाळणार कसा? म्हणून ते पाणी समुद्राच्या पाण्याने पातळ करून, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्रात सोडायचं ठरलं. जुलै 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ही योजना सुरक्षेच्या निकषांत बसते असा अहवाल दिला. 24 ऑगस्टला, गुरुवारी, पाणी सोडायला सुरुवात झाली. त्याच दिवशी चीनने जपानच्या सगळ्या समुद्री खाद्यावर बंदी घातली.

आदल्या संध्याकाळी, 23 तारखेला, चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर तिरंगे, शास्त्रज्ञांचे फोटो, 'गर्व आहे' वगैरे. चोवीस तासांच्या आत त्याच ग्रुपवर 'शास्त्रज्ञ लोकांपासून लपवतात' असं सांगणारा फॉरवर्ड आला आणि त्यालाही तेवढेच अंगठे पडले. ही विसंगती मला महत्त्वाची वाटते. विज्ञानावरचा विश्वास उडालेला नव्हता. ज्याचा परिणाम आपल्या ताटात येणार नाही, अशा विज्ञानावर विश्वास ठेवणं सोपं असतं, एवढंच.

फॉरवर्ड बारकाईने पाहण्यासारखा होता. मजकुराचा गाभा असा: जपानने विषारी पाणी सोडलं आहे, पुढची काही वर्षं समुद्रातले मासे आणि समुद्री मीठ खाऊ नका, मुलांना तर अजिबात देऊ नका. खाली एक नकाशा. पॅसिफिक महासागर, जपानच्या किनाऱ्यापासून निघालेले जांभळे-काळे पट्टे, मग लाल, मग पिवळा, हळूहळू अमेरिकेपर्यंत पसरत गेलेला जाळ. बघणाऱ्याच्या पोटात गोळाच यावा असं चित्र. ते अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेचं आहे, खोटं अजिबात नाही. फक्त ते किरणोत्सर्गाचं नाही. 2011 च्या त्सुनामीत कुठे किती उंच लाट उठली, हे त्यात रंगांनी दाखवलं आहे. कडेला रंगांची पट्टी आहे आणि तिच्यावर एकक लिहिलं आहे सेंटिमीटर. किरणोत्सर्ग सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत. हा नकाशा त्सुनामीपासून जगभर याच चुकीच्या नावाने फिरतो आहे. सोसायटीत ती पट्टी वाचली अकरावीतल्या एका मुलीने. ग्रुपवर तिने ते लिहिलंही, पण तोवर चर्चा मिठावर गेली होती.

मिठाचं थोडक्यात. नाक्यावरच्या वाण्याकडून काही घरांनी पाच-पाच, दहा-दहा किलो मीठ आणून ठेवलं. त्याच वर्षी दक्षिण कोरियात आणि 2011 मध्ये चीनमध्ये मिठासाठी अशीच झुंबड उडाली होती. आपल्याकडचं बहुतेक मीठ गुजरातच्या मिठागरांतलं. आणि ट्रिटियम पाण्यातच असल्याने मिठागरात पाणी आटतं तेव्हा तेही वाफेबरोबर जातं, मिठात मागे राहत नाही. मीठ नासत नाही, त्यामुळे यात कोणाचं नुकसान झालं नाही. पिशव्या पुढे लोणच्याच्या कामी आल्या असतील.

नुकसान झालं गेटवर. मावशी बुधवार, शुक्रवार, रविवार यायच्या. गेटच्या बाजूला, वॉचमनच्या केबिनच्या सावलीत पाटी, कोयती, बर्फाचा थर्माकोलचा डबा. रविवारी, 27 तारखेला, वॉचमनने त्यांना फलक दाखवला. फलक मराठी आणि इंग्रजीत होता, मावशींना वाचता येत नव्हता, वॉचमनलाही समजावता आला नाही. 'जपानचं काहीतरी आहे, सेक्रेटरी साहेब बोलले' एवढंच त्यांच्या पदरात पडलं.

सचिवांची बाजू ऐकण्यासारखी आहे. ग्रुपवर दोन तरुण आयांनी थेट विचारलं होतं की सोसायटी याबाबत काय करणार. उद्या खरंच काही निघालं तर 'तुम्ही काय केलंत' हा प्रश्न त्यांनाच येणार. बंदी घातली तर त्यांचं काही जात नव्हतं, न घातली तर बोल लागण्याची शक्यता. अशा वेळी माणूस बंदीच घालतो. गेटवरच्या मावशींकडून घेतला नाही तर तोच मासा रहिवासी बेलापूरच्या बाजारातून किंवा मोबाइलवरच्या ॲपवरून घेणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं मला वाटत नाही. पण ते सोसायटीच्या हद्दीबाहेरचं.

पुढच्या शनिवारी क्लबहाउसमध्ये बैठक झाली. सोसायटीत बार्कमधून, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रातून, निवृत्त झालेले एक काका आहेत. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला नोकरी आणि अलीकडे घर, अशी माणसं नवी मुंबईत पुष्कळ. त्यांना 'सोप्या भाषेत' समजावून सांगायची विनंती केली होती. त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला होता. सोडण्याआधी पातळ केलेल्या पाण्यात ट्रिटियम लिटरला 1,500 बेक्वेरेलपेक्षा कमी. जपानची कायदेशीर मर्यादा 60,000. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची सूचित पातळी 10,000. म्हणजे सोडलं जाणारं पाणी ट्रिटियमच्या बाबतीत पिण्याच्या निकषाच्याही बरंच खाली. मुद्दा बिनतोड होता, पण सभेवर परिणाम उलटा झाला. '1,500 म्हणजे कमी कसे?' असं मागून कोणीतरी विचारलं. बेक्वेरेल हे फार चिमुकलं एकक आहे, सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल, हे काकांनी मग सांगितलं. आणि पुढे म्हणाले की आपल्या प्रत्येकाच्या शरीरातच पोटॅशियममुळे चारेक हजार बेक्वेरेल असतात. हे वाक्य दिलासा म्हणून होतं. पुढच्या रांगेतल्या एका आईने मांडीवरच्या मुलाला जवळ ओढलं.

खरा घोळ पुढे झाला. एका तरुणाने मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली: फुकुशिमाजवळ पकडलेल्या माशात मर्यादेच्या 180 पट सिझियम. काका म्हणाले, 'या अफवा आहेत, लक्ष देऊ नका.' ती अफवा नव्हती. मे 2023 मध्ये केंद्राच्या स्वतःच्या बंदरात, म्हणजे भट्ट्यांच्या समोरच्या बंदिस्त पाण्यात पकडलेल्या एका माशात किलोला 18,000 बेक्वेरेल सिझियम सापडलं होतं. जपानमध्ये खाण्यासाठी मर्यादा 100 ची आहे. हे आकडे खुद्द केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीने जाहीर केले होते. तरुणाने बातमीचा स्रोत दाखवला आणि त्या क्षणी काकांचा तक्ता, त्यातल्या तिन्ही खऱ्या आकड्यांसकट, लोकांच्या लेखी संपला. 'तुम्ही त्यांच्यातलेच' असं कोणी उघड म्हणालं नाही, पण हवा तीच होती.

वर्गात मी इथे थांबतो. काकांनी काय म्हणायला हवं होतं? मुलं साधारणपणे 'आणखी सोपं करून सांगायला हवं होतं' म्हणतात. मला ते पटत नाही. सोपेपणाचा प्रश्न नव्हताच. 'हो, बातमी खरी आहे, आणि तो मासा अमुक ठिकाणी सापडला' असं म्हटलं असतं तर दुसरं वाक्य आपोआप ऐकलं गेलं असतं. तो मासा 2011 मध्ये सांडलेल्या आणि बंदराच्या गाळात बसलेल्या सिझियममुळे दूषित झालेला. त्या बंदरातून मासे बाहेर पडू नयेत म्हणून जाळी लावलेली आहेत आणि तिथला मासा बाजारात जात नाही. 24 ऑगस्टला सोडलेल्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, तो त्याआधी तीन महिने पकडलेला. लोकांना आकडा किती हे कळायच्या आधी जागा कुठली हे कळायला हवं असतं. भीती ही मुळात भूगोलाची असते.

अविश्वासाला कारणंही आहेत, ती काकांनी झाकायला नको होती. 2018 मध्ये त्या कंपनीला कबूल करावं लागलं की टाक्यांतल्या गाळलेल्या म्हणवणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाण्यात ट्रिटियमशिवाय इतर पदार्थही मर्यादेपेक्षा जास्त आहेत आणि ते पुन्हा गाळावं लागेल. सभेत मूळचं राजापूर तालुक्यातलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजोबांनी जपानचा विषय बाजूला ठेवून एवढंच म्हटलं की जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वेळीही 'सुरक्षित आहे' हेच आम्हाला सांगितलं होतं. त्या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात 18 एप्रिल 2011 ला नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. आजोबांच्या तोंडून आलेल्या 'सुरक्षित' या शब्दामागे काय होतं, हे समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

मग कोणीतरी ट्रॉम्बेचा विषय काढला. पामबीच रस्त्यावरून पलीकडचा डोंगर दिसतो, तिथल्या भट्ट्यांचं काय? इथे काका एकदम वेगळे बोलले. आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी अप्सरा तिथे 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झाली, तेव्हा नवी मुंबई नव्हतीच. केंद्राच्या आसपासचं पाणी, गाळ, मासे यांचे नमुने घेऊन तपासायचे असतात हे त्यांनी सांगितलं. गाळ कसा वाळवतात, मासा कसा भाजून राख करतात, ती राख मोजायला का तासन्‌तास लागतात, हे ते हातवारे करून सांगत होते. लोक ऐकत होते, कारण आता ते स्वतःच्या हाताखालून गेलेलं बोलत होते.

'किरणं लागलेलं' आणि 'किरणोत्सर्गी' यांतली गल्लतही तिथेच निघाली. वाशीत 2000 सालापासून मसाल्यांवर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडणारं सरकारी केंद्र आहे. जंतू, कीड मारायला. एका ताईंना हे ऐकून धक्काच बसला, म्हणजे आपली मिरचीपूड पण? काका म्हणाले, बोंबील दिवसभर उन्हात वाळतो म्हणून रात्री उजेड देत नाही. किरण येतात आणि जातात. भीती बाळगायची ती किरणोत्सर्गी पदार्थच अन्नात शिरला तर. फुकुशिमाचा प्रश्न दुसऱ्या जातीचा, मसाल्यांचा पहिल्या. सभा प्रथमच हसली आणि मला वाटतं तिथपासून पुढचं सोपं झालं.

मावशींना बैठकीत आणलं एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी, कोणालाही न विचारता. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. बाईंनी विचारलं, मावशी, तुमचा मासा कुठून येतो? त्यांचं उत्तर जवळजवळ शब्दशः असं: 'बोय नि चिंबोऱ्या आमच्या खाडीतल्या, माझा दीर जातो. कोलंबी करंज्याची. पापलेट, सुरमई भाऊच्या धक्क्यावरनं, पहाटं तीनला जाते मी. जपानचं म्हावरं मी कशाला आनू, मला परवडंल का, दादा?' दोन मिनिटांत त्या सभेला हवा असलेला नकाशा मिळाला. त्यावर काकांनी, आता विचारणारे शांत झाल्यावर, समुद्राचा प्रवाह सांगितला. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरचा कुरोशिओ प्रवाह पाणी पूर्वेला, अमेरिकेच्या दिशेने नेतो. पॅसिफिकचं पाणी हिंद महासागरात येतं ते मुख्यतः इंडोनेशियाच्या बेटांमधून, वर्षानुवर्षांनी आणि अफाट पातळ होऊन. हे त्यांच्या तक्त्यात आधीपासून होतं, शेवटच्या पानावर.

निघताना मावशींनी काकांना विचारलं, तिकडच्या कोळ्यांचं म्हावरं आता कोन घेतंय? कोणीही विचारला नव्हता असा तो एकच प्रश्न होता. 2015 मध्ये सरकारने आणि कंपनीने फुकुशिमाच्या मच्छीमारांना लेखी कबूल केलं होतं की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय पाण्याची विल्हेवाट लावणार नाही. मच्छीमार संघटनांचा विरोध शेवटपर्यंत राहिला आणि पाणी सुटलं. काकांनी हे सांगितलं, जरा खाली आवाजात.

मनाई उठली. नवा फलक शिक्षिकाबाईंनी लिहिला, सचिवांनी सही केली: 'गेटवर विकली जाणारी मासळी ठाणे खाडी, करंजा व मुंबईच्या बंदरांतून येते, जपानमधून येत नाही. जपानमध्ये पाणी सोडल्याची बातमी खरी आहे. ग्रुपवर फिरणारा रंगीत नकाशा त्सुनामीच्या लाटांचा आहे. मासळी विक्री नेहमीच्या दिवशी सुरू राहील.' खरं काय तेही त्यात आहे आणि खोटं काय तेही. 'घाबरू नका' हे शब्द त्यात नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू.

परिणामाचं मोजमाप मात्र या प्रकरणात सगळ्यांचंच चुकलं. समितीने इतिवृत्तात लिहिलं की 'अफवेमुळे मासळीची मागणी घटली होती, ती पूर्ववत झाली.' मावशींची मुलगी हिशेब बघते. तिच्या मोबाइलमधल्या यूपीआयच्या नोंदींत उतार दिसतो, पण तो 24 ऑगस्टला सुरू होत नाही. 2023 ला अधिक श्रावण होता. 18 जुलैपासून अधिक, 17 ऑगस्टपासून निज. काही घरांनी दोन्ही पाळले, काहींनी एकच. फॉरवर्ड आला तेव्हा निम्मी सोसायटी तशीही शाकाहारी होती. ज्या बायका ग्रुपवर 'आम्ही तर बंदच केलं' लिहीत होत्या, त्यांनी ते श्रावणासाठी बंद केलं होतं आणि नंतर कारण बदललं असावं असा माझा संशय आहे. नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला, मग 19 सप्टेंबरला गणपती. गौरी गेल्यावर मागणी वर आली, दर वर्षी येते तशी. जपानने पाणी सोडायची दुसरी फेरी 5 ऑक्टोबरला सुरू केली, तेव्हा पितृपक्ष चालू होता आणि ग्रुपवर त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. म्हणजे भीती गेली, की त्या आठवड्यात बातमी आलीच नाही? पंचांग न बघता खाण्याच्या सवयींवर निष्कर्ष काढणारा अभ्यास मी विद्यार्थ्यांकडून पुन्हा करून घेतो.

मावशींचे बुडालेले दिवस मात्र खरे. भरपाईचा विषय निघाला नाही, त्यांनीही काढला नाही.

एक घर मासे बंद करून बसलं ते बसलंच. तिथली सून गरोदर होती आणि तिच्या डॉक्टरांनी मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळायला सांगितलं होतं, कारण त्यांच्यात पारा साठतो. सल्ला रास्त होता. बोय आणि कोळंबीला त्या यादीत काही स्थान नव्हतं, पण घराने सरसकट सगळंच बंद केलं. पारा हा शब्द सोसायटीच्या तोंडी प्रथम आला तो या घरामुळे, आणि त्यातून बैठकीत एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न पुन्हा वर आला. मावशी म्हणाल्या 'आमच्या खाडीतलं' तेव्हा ते म्हणाले होते, जपानचं कळलं, पण आपल्या खाडीचं काय? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी कित्येक वर्षं याच खाडीत येतं. गाळात जड धातू सापडल्याचे अभ्यास झालेले आहेत. पूर्वी खाडीत मिळणारे कोणते मासे आता मिळत नाहीत, हे दिवाळ्यातला कोणीही म्हातारा सांगेल. सभेत त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. काका म्हणाले, हा माझा विषय नाही, आणि ते प्रामाणिक होतं.

पुढे दोन रहिवाशांनी खाडीच्या पाण्याची तपासणी मागणाऱ्या पत्राचा मसुदा केला. तो ग्रुपवर आला, अंगठे पडले. सह्या गोळा करायच्या होत्या त्या आठवड्यात बी विंगची लिफ्ट बंद पडली. मसुदा अजून शिक्षिकाबाईंकडे आहे आणि त्या सह्यांसाठी घरोघर जायला तयार आहेत. त्यांनी मला त्यात एकच दुरुस्ती विचारली: सह्या फक्त सोसायटीच्या घ्यायच्या, की दिवाळ्याच्या कोळीवाड्याच्याही? मी म्हटलं, आधी कोळीवाड्याच्या घ्या.